‘तोंड आलंय, आता केमो नको’

ताई,
माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, स्तनाचा कॅन्सर आहे. वय ६१. ऑपरेशन झालं, आता आठ केमो सांगितल्यात. पहिल्या चार लाल औषधाच्या, दर २१ दिवसांनी. पहिली झाली आणि आठव्या दिवशी त्यांचं तोंड आलं. गाल आतून सोललेले, जिभेच्या कडेला फोड, ओठ उलटे केले तर रक्त. चार दिवस पेजसुद्धा गेली नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, उष्णता झालीय, जाईचा पाला चावायला द्या. तो दिला, तुरटीच्या गुळण्या दिल्या, सबजा दिला. आग आणखीच वाढली. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणलं. आता भरून आलंय, पण सोमवारी दुसरी केमो आहे आणि आत्या म्हणतात, ‘मेले तरी चालेल, पण परत ते तोंड नको.’ आणखी एक सांगते. त्या लग्नाच्या आधीपासून मिश्री लावतात. ‘मिश्रीनंच माझे दात राहिलेत’ असं म्हणतात. तोंड आलेलं असतानाही लावत होत्या. मी काय करू? माझं काही चुकलं का?
– एक सून, तासगाव तालुका

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काही चुकलेलं नाही. आत्यांचं तोंड आलं ते औषधामुळे. केमो घेणाऱ्या पुष्कळ जणांचं येतं. मी केमोच्या वॉर्डात वीसेक वर्षं नर्स म्हणून काम केलं. केस गेल्याचं दुःख लोक बोलून दाखवतात, उलट्यांचं सांगतात, पण तोंडाचं सांगायला कचरतात. ‘एवढी मोठी बिमारी, त्यात तोंड आल्याचं काय घेऊन बसायचं’ असं त्यांना वाटतं. खरं तर घास गिळता न आल्यामुळे केमो सोडावीशी वाटणं मी कितीदा तरी पाहिलंय. तेव्हा आत्यांचा राग समजून घ्या. पण केमो सोडायची नाही. दुसऱ्या केमोला जाताना तयारी करून जायचं, आणि ती सोमवारच्या आधी सुरू करायची.

आधी हे कशामुळे होतं ते बघू, म्हणजे काकींनाही सांगता येईल. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातं. आपल्या काही चांगल्या पेशीही तशाच वाढतात. केसांच्या मुळांतल्या, हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या, आणि तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अस्तराच्या. तोंडातलं अस्तर एक ते दोन आठवड्यांत नवं होत असतं. केमो दिल्यावर वरचं अस्तर रोजच्यासारखं झिजत राहतं, पण खालून नवं यायचं थांबतं. म्हणून सुई दिली त्या दिवशी तोंडाला काही होत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंड लालसर होतं, चुरचुरतं, तिखट लागायला लागतं. सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि मग नवं अस्तर आलं की आपोआप भरत जातं. आत्यांना आठव्या दिवशी झालं, ते या हिशेबात अगदी बसतं.

याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही सर्वांत कमी असतात. म्हणजे तोंडात उघडी जखम आणि जंतूंशी लढणारे पहारेकरी गैरहजर, दोन्ही एकाच वेळी. एरवी तोंड येतं तेव्हा आपण चार दिवस सोसतो आणि विसरतो. केमोतलं तोंड येणं तसं सोडून देता येत नाही, ते यासाठी.

काकींची ‘उष्णता’ इथे लागू पडत नाही. जाईचा पाला गावोगाव चावतात, त्यांनी आपुलकीनंच सांगितलं. पण सोललेल्या तोंडात खरबरीत कच्चा पाला म्हणजे जखमेवर घासणं, आणि पानावरचे जंतू थेट आत. तुरटी तोंड कोरडं करते आणि झोंबते. लवंगेचं तेल, कात, मध-बोरॅक्स, काळं दंतमंजन, राखुंडी, यांतलं काही या दिवसांत तोंडात जाऊ देऊ नका. दुकानातलं झणझणीत माऊथवॉशही नको, त्यात बहुधा अल्कोहोल असतं. सबजा निरुपद्रवी आहे, पण त्याच्या बिया जखमेत अडकतात.

बी-कॉम्प्लेक्सबद्दल जरा सावध करते. ते केमोच्या जखमा भरत नाही. शिवाय त्यात बहुधा फॉलिक अॅसिड असतं. फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिनसारखी केमोची औषधं चालू असताना जादा फॉलिक अॅसिडनं त्या औषधांचा त्रास, तोंड येणंसुद्धा, वाढू शकतो. आत्यांचं सध्याचं औषध वेगळं आहे, पण नियम सगळ्यांना एकच ठेवा. जीवनसत्त्वाची गोळी असो की हळदीची कॅप्सूल, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायची नाही. भाजीत पडते तेवढ्या हळदीला कोणाची हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती इतकी साधी आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. चूळ. घसा खवखवला की मान मागे टाकून करतो ती गुळणी नव्हे. तोंडात पाणी घेऊन दोन्ही गालांत, हिरड्यांवर, जिभेखाली हळूच फिरवायचं, अर्धा मिनिट ठेवायचं आणि टाकायचं. पाणी असं करा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घाला. खाण्याचा सोडाच हवा. धुण्याचा सोडा, इनो, केकची बेकिंग पावडर यांतलं काही नको. मी हे मुद्दाम सांगते, कारण एका घरी डब्यावर नुसतं ‘सोडा’ लिहिलेलं होतं आणि आत धुण्याचा होता. आपल्या तांब्यात लिटर पाणी मावतं का ते पाण्याच्या बाटलीनं एकदा मोजून घ्या. झाकून ठेवा, आणि रोज सकाळी नवं करा. उरलेलं टाकून द्या.

दिवसातून किती वेळा? प्रत्येक खाण्यानंतर, सकाळी उठल्यावर आणि झोपताना, म्हणजे पाच-सहा वेळा तरी. तोंड आलंच तर जागेपणी दर दोन तासांनी, रात्री लघवीला उठल्या की तेव्हाही एकदा. मीठ झोंबलं तर मीठ कमी करा, नाहीतर नुसत्या कोमट पाण्यानं करा. ब्लड प्रेशर असलं तरी चालतं, पाणी गिळायचं नसतं.

हे पाणी जखम भरून काढतं असं मी म्हणणार नाही. ते अन्नाचे कण काढतं, आंबटपणा मारतं, चिकट लाळ सुटी करतं आणि तोंड ओलं ठेवतं. स्वच्छ, ओल्या तोंडात जंतू घर करत नाहीत आणि अस्तराला आपल्या वेळेत यायला मोकळीक मिळते. तोंड येणं पूर्ण टळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण ते सौम्य राहावं यासाठी घरी करण्यासारखं याच्याइतकं स्वस्त आणि बिनधोक दुसरं काही नाही, आणि ते पहिल्या दिवसापासून करायचं. लोक आग सुरू झाल्यावर तांब्या शोधतात, तेव्हा निम्मी संधी गेलेली असते.

दुसरं, ब्रश. सर्वांत मऊ घ्या. पाकिटावर ‘अतिमऊ’ लिहिलेला असतो तो. वापरायच्या आधी मिनिटभर कोमट पाण्यात धरला की आणखी मऊ होतो. दिवसातून दोनदा, न दाबता. पेस्ट झणझणीत पुदिन्याची नको, सौम्य चवीची आणि फ्लोराइड असलेली घ्या. तोंड आलं आणि पेस्ट झोंबली तर नुसता ओला ब्रश फिरवा, पण ब्रश थांबवू नका. अगदीच सहन होईना तर तेवढे दिवस चुळेच्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून पुसा. स्टीलच्या जिभलीनं जीभ खरवडणं आणि सकाळी बोटं घालून खाकरणं, या दोन्ही सवयी सहा महिने बाजूला. कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची, आणि फोड असताना फक्त जेवण्यापुरती घालायची. ओठांना साधी पेट्रोलियम जेली लावा.

आता मिश्री. पत्रात तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त तेच विचारायचं होतं.

माझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. घरभर तो वास. मग कुटून डबीत. पहाटे परसात दगडावर बसून गल्लीतल्या चार बायका एकत्र मिश्री लावायच्या. दिवसभरात त्यांना स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ. म्हणून कुणी आत्यांना ‘ही घाण सोडा’ म्हणालं की त्यांना ते दाताबद्दल वाटत नाही, आयुष्याबद्दल वाटतं. ही गोष्ट ध्यानात ठेवून बोला.

पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं हिरड्या बधिर होतात, म्हणून दुखत नाही, म्हणून दात चांगले आहेत असं वाटतं. केमोत नाजूक झालेल्या अस्तरावर ती भुकटी बोटानं घासणं म्हणजे जखम रोज उकरणं. तंबाखूमुळे जखम भरायला उशीर होतो, आणि तोंडाचा कॅन्सर होतो तो वेगळाच. एका कॅन्सरशी झगडताना दुसऱ्याला आमंत्रण कशाला? एवढं मात्र त्यांना स्पष्ट सांगा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. घरातल्या सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मिश्रीत निकोटिन असतं, त्यामुळे सोडल्यावर चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, पोट साफ न होणं हे होणारच. पहिला आठवडा जड जातो. ते केमोमुळे झालं असं समजून घाबरू नका, आणि त्यांना रागावू नका. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण आलेल्या तोंडात ते झोंबेल. गरज वाटली तर डॉक्टर दुसरा उपाय सांगतील. आरोग्य मंत्रालयाची तंबाखू सोडवायला मदत करणारी मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात. आणि एक करून पाहा. परसातली जागा आणि वेळ त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्याच पहाटे, त्याच दगडावर, डबीऐवजी मऊ ब्रश आणि कोमट पाण्याचा तांब्या. तुम्हीही शेजारी बसा. माझ्या पाहण्यातल्या दोघी-तिघींची मिश्री अशीच सुटली.

‘मिश्रीनं दात राहिलेत’ याचं उत्तर दातांच्या डॉक्टरांकडून घ्या. खरं तर केमो सुरू व्हायच्या आधीच तोंड तपासून घ्यायला हवं होतं. किडलेला दात, हलणारं मूळ, टोचणारी कड, हिरडीतला पू, हे सगळं केमोत डोकं वर काढतं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, बऱ्याच ठिकाणी राहून जातं. अजूनही जमेल. पुढची केमो जवळ आली की रक्तातल्या पेशी सावरलेल्या असतात, तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, ताजा रक्ताचा रिपोर्ट सोबत घेऊन दाखवून या. टोचणारी कड घासून घेणं दहा मिनिटांचं काम असतं. दात काढायचा असेल तर मात्र दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून दिवस ठरवायचा.

खाण्याचं तुम्हाला फार शिकवायला नको. तासगावच्या घरात चटणीशिवाय ताट पुरं होत नाही हे मला माहीत आहे, पण पाचव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत चटणी, ठेचा, लोणचं, चिंच, लिंबू, टोमॅटो, आणि पापड, चिवडा, कडक भाकरी असं टोचणारं काही नको. चहा वाफाळता नको. गुरगुट्या भात आणि तूप, मुगाचं वरण, दुधात कुस्करून भिजवलेली भाकरी, नाचणीचं सत्त्व, शिरा, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून, पिकलं केळं स्वच्छ धुऊन सोलून. सगळं कोमट किंवा गार. नुसत्या पेजेवर ठेवू नका. अस्तर नवं व्हायला प्रथिनं लागतात, तेव्हा पेजेत दूध, डाळीचं पाणी, अंडं काहीतरी घाला. दह्या-ताकाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पांढऱ्या पेशी फार कमी असल्या तर काही जण थांबवतात. जिभेला फोड असतील तर पातळ पदार्थ स्ट्रॉनं घ्या.

बर्फाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वॉर्डात कुणीतरी सांगेलच. फाइव्ह-एफयू हे औषध शिरेतून झटकन दिलं जातं तेव्हा, आणि मेलफॅलन या केमोच्या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या डोसाच्या वेळी, तोंडात बर्फाचे तुकडे चघळत ठेवतात. फाइव्ह-एफयूसाठी ते सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास. गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. ‘बर्फानं घसा बसेल’ म्हणून आपली माणसं नाही म्हणतात, पण हा उपाय चांगला तपासलेला आहे. आत्यांच्या लाल औषधासाठी तेवढा भक्कम पुरावा नाही, तेव्हा डॉक्टर हो म्हणाले तरच करा. आणि ज्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन चालू आहे त्यांनी बर्फ तोंडात घेऊच नये. त्या औषधानंतर गार लागलं की घशात आणि जबड्यात विलक्षण कळ उठते.

तोंडाला किंवा घशाला रेडिएशन घेणाऱ्यांच्या घरूनही मला पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. तुमचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे राहतो. खराब दात रेडिएशनच्या दोन-तीन आठवडे आधी काढून घ्यायचे. नंतर काढले तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, आणि तो वर्षानुवर्षं राहतो. दुखणं-सूज कमी करणाऱ्या बेन्झिडामिन औषधाच्या गुळण्या आणि काही केंद्रांत मिळणारी कमी शक्तीच्या लेझरची ट्रीटमेंट, या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा. तोंड येऊ नये म्हणून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं चूळ भरायची शिफारस नाही, घरात बाटली असली तरी आपलं आपण सुरू करू नका.

ताई, आता सोमवारचं. जाताना एका कागदावर लिहून न्या: पहिल्या केमोनंतर आठव्या दिवशी तोंड आलं, रक्त आलं, चार दिवस काही गेलं नाही, वजन इतकं उतरलं. डॉक्टरांच्या हातात द्या, सुई लागायच्या आधी. ते तारीख थोडी पुढे ढकलतील, डोस कमी करतील किंवा आधीपासून औषधं देतील, पण त्यांना कळलं तरच. वॉर्डात एक मावशी होत्या. डोस कमी केला तर बरं होणार नाही या भीतीनं त्यांनी तोंड दाखवलंच नाही. मी औषधाचा कप पुढे केला तेव्हा ओठ उघडेनात म्हणून कळलं. डॉक्टरांपासून यातलं काहीही लपवायचं नसतं.

दुखण्यावरचं औषधही मागून घ्या. जेवायच्या आधी लावायची बधिर करणारी जेली मिळते. ती लावल्यावर गरम काही देऊ नका, भाजलेलं कळत नाही, आणि घास लहान द्या, ठसका लागतो. जेलीनं भागलं नाही तर याहून जोरदार औषधं आहेत, थेट मॉर्फिनपर्यंत, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. अॅस्पिरिन, आयब्रुफेन आपल्या मनानं नको, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल द्यायचं झालं तरी आधी ताप मोजा, नाहीतर ताप दबतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. केमोनंतर ३८ डिग्री सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप आला की रात्र असो, रविवार असो, गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. सरळ दवाखान्यात. पाणीही गिळवेना, लघवी कमी झाली, तोंडातलं रक्त थांबेना, श्वास घ्यायला त्रास झाला, तरी तसंच. तोंडात दह्याच्या साईसारखे पांढरे चट्टे दिसले तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याचं औषध वेगळं आहे. त्याच दिवशी फोन करून कळवा. हे दिसावं म्हणून रोज संध्याकाळी उजेडात, मोबाईलच्या बॅटरीनं, आत्यांचं तोंड बघायचं. दोन्ही गाल, जीभ वर करून खाली, ओठ उलटे करून. आपण बघायला बसलो की त्यांनाही बोलावंसं वाटतं.

सोमवार हा पहिला दिवस धरा. कॅलेंडरवर शुक्रवारी खूण करा, तो पाचवा दिवस. पुढच्या सोमवारी दुसरी खूण, तो आठवा. तांब्या मात्र आज संध्याकाळपासूनच भरून ठेवा, म्हणजे शुक्रवारपर्यंत आत्यांना चुळीची सवय झालेली असेल. आठव्या दिवशी त्यांनी काय खाल्लं, ते मला कळवा.